गाडी जिथे थांबायची

मी रोबोटचं काम करते असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. ग्रीसचे डाग शोधत असावेत. पण चाकं, मोटारी, बॅटऱ्या यांच्याशी माझा फारसा संबंध येत नाही, ती दुसरी माणसं बसवतात. यंत्रानं काय बघायचं, बघितलेलं आतल्या आत कुणाला कळवायचं, दोन कामं एकदम आली तर आधी कोणतं करायचं आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं मी ठरवते. घराचा नकाशा असतो तसा तो यंत्राच्या मनाचा नकाशा. आमच्या धंद्यात त्याला आर्किटेक्चर म्हणतात.

पुण्यात बारा वर्षं हे काम केल्यावर वडिलांच्या आजारपणात मी सोलापुरात आले. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्यानं घेतला आणि वैरागहून वडिलांना तिथं आणलं. दीड वर्षानं ते गेले. त्यानंतर मी परत का गेले नाही याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. नातेवाईक विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, इथं खर्च कमी आहे. खरं तर पुण्यातही माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि एकटेपण एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचं तर सामान तेवढं बांधावं लागतं.

दिवसभर माझं बोलणं पडद्याशी चाले. सहा चौकोन असत, त्यातल्या चौघांचे कॅमेरे बंद. इंग्रजीत सुरू झालेली मीटिंग इंग्रजीत संपे, एकेक चौकोन विझत जाई आणि शेवटी पडद्यावर माझाच चेहरा उरे. एकदा संध्याकाळी भाजीवालीला भाव विचारताना माझा आवाज घोगरा आला. तेव्हा लक्षात आलं, दिवसभरात मराठीतला हा माझा पहिला शब्द होता.

अशा दिवसांत कारखान्याचं काम आलं. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला एक टॉवेलचा कारखाना होता. मालक चाळिशीचे, आजोबांपासूनचा धंदा चालवणारे. मागांपर्यंत सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी मोठी रिळं, पोचवायला आणि विणलेल्या कापडाचे रोल घडी खात्यात न्यायला त्यांना आपोआप चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या. आमची कंपनी तशा गाड्या बनवत होती, आणि कंपनीत सोलापुरात राहणारी मी एकटीच. साहेबांनी मला विचारलं, "तू जाशील का तिथं रोज, काही महिने?" मी लगेच हो म्हटलं. घराबाहेर पडायला मिळणार होतं, तेवढं मला पुरे होतं.

पहिल्या दिवशी मागांच्या शेडचं दार उघडलं आणि आवाज छातीवर आदळला. नुसत्या कानांना तो आवाज पेलत नाही, दातांत आणि बरगड्यांत शिरतो. चाळीसेक माग एकाच वेळी चालत होते. मला शेड दाखवायला जॉबर आले होते. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती आणि कामगारांवर देखरेख करणारा माणूस. हे मंगळवेढ्याकडचे, पन्नाशीचे, खिशात सतत पाना. ते तोंड उघडून काहीतरी म्हणाले. मला एक अक्षर कळलं नाही. मग त्यांनी हातानं सांगितलं: कान झाक, इकडून चल, कपडा सांभाळ.

थोड्या वेळानं ध्यानात आलं की त्या शेडमध्ये सगळेच हातानं बोलतात. दोन रांगा पलीकडच्या माणसाला बोटांनी निरोप जातो, ओठ हलतात आणि ओठांवरूनच वाचले जातात. कुणीतरी माझ्याकडे बघून दोन बोटं हलवली आणि पाचसहा जण हसले. मी कानांत बोळे घालून त्या गजरात उभी होते आणि त्यांच्या गप्पा माझ्या डोक्यावरून जात होत्या. बाहेर आल्यावर मी जॉबरना विचारलं, "ते काय म्हणाले?"

"काय न्हाय ओ. नवीन पाव्हणी आलीया, चहा पाजा म्हनाला."

त्यानंतरचे दोन महिने मी त्या शेडचा नकाशा करत होते. गाडीच्या मनाचे मी तीन थर आखले होते. सगळ्यात खालचा थर फक्त थांबायचं जाणतो. समोर काही आलं की चाकं रोखायची, त्यासाठी वर कुणाला विचारायचं नाही. मधला थर वाट शोधतो. आणि वरचा थर कामं वाटतो, कुठल्या मागाला सूत संपत आलंय, कुठला रोल उचलायचा. वरच्या थरानं कितीही घाई केली तरी खालच्याचं 'थांब' मोडता येत नाही. ही रचना मला मनापासून आवडायची. माणसात अशी असती तर बरं झालं असतं असंही कधी कधी वाटायचं.

गाडीच्या वाटेत येऊ शकणाऱ्या गोष्टींची मी एक यादी केली होती. खांब, टोपली, पडलेला कोन, हातगाडी. त्यात माणूसही होता. माणसापुढे काय करायचं ते मी लिहिलं होतं: थांब, तीनदा भोंगा वाजव, माणूस बाजूला होईल, मग पुढे जा. लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

मामा मला भेटले ते जेवणाच्या सुट्टीत. शेडच्या मागच्या दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या आणि त्यांवर दुपारी सावली पडे. मी डबा घेऊन तिथं बसले तर वरच्या पायरीवर एक साठीचे गृहस्थ आधीच बसलेले. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, केसांत कापसाची पांढरी लव. शेवटच्या रांगेतले सहा माग त्यांच्याकडे असायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. घरची बोली तेलुगू, मराठी आमच्यासारखीच सोलापुरी. त्यांनी माझ्या डब्यात डोकावून बघितलं, आपल्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या झाकणावर ठेवली आणि भुवया उडवून विचारलं, कशी आहे? मी बोटांनी छान अशी खूण केली. ते मान हलवून हसले. माझी खूण चुकली होती. त्यांनी माझी बोटं हवेतच दुरुस्त केली.

पुढं आम्ही रोज तिथं जेवायला लागलो. दार उघडं असल्यानं मागांचा आवाज पायऱ्यांवरही भरपूर असायचा, म्हणून बोलणं खुणांनीच. मधूनच ते एखादं वाक्य मोठ्यानं बोलत. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी भिवंडीला दिलीय, आपण साखर पेठेत एका खोलीत राहतो, एवढं मला असं तुकड्यातुकड्यांनी कळलं. मी बोलले की ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. इतक्या लक्षपूर्वक माझं ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं, आणि मला ते सुखाचं वाटायचं. ते ऐकत नव्हते, वाचत होते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. यंत्रांना बघायला शिकवणारी मी, समोरच्या माणसात एवढं मला दिसलं नाही.

मग गाड्या आल्या. कंबरेइतक्या उंच, सपाट पाठीच्या, पुढे-मागे काळ्या काचेचे डोळे. फक्त दिवसपाळीत चालवायचं ठरलं. पहिले दोन दिवस लोक काम सोडून बघायला आले. मामांनी तर एका गाडीच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारावी तशी. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, दिसायला गाडी भारी आहे. पण हातगाडीवाला हिच्यापेक्षा लवकर पोचतो. ही मध्येच उभी राहते."

"कुठे?"

"ते तुम्हीच सांगा."

गाडीनं केलेली प्रत्येक गोष्ट तिच्या आत नोंदलेली असते. मी आठवडाभराच्या नोंदी काढल्या आणि शेडच्या नकाशावर टाकल्या. जिथं गाडी जास्त वेळ थांबली तिथं लाल रंग. चित्र पडद्यावर उमटलं आणि मला हर्षच झाला. पूर्ण शेड जवळजवळ पांढरी होती आणि शेवटच्या रांगेत एकच लालभडक ठिपका होता. दुखणं एका जागी आहे हे कळणं म्हणजे आमच्या कामात अर्धी लढाई जिंकणं. मी तो नकाशा घेऊन तशीच केबिनमध्ये गेले. मालक होते, जॉबर होते. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"सगळा वेळ इथं जातोय. गाडी थांबते, भोंगा वाजवते, पण समोरचा माणूस बाजूलाच होत नाही. कधी कधी चार-चार मिनिटं."

मालक म्हणाले, "तिथं कोण असतं?"

जॉबर हातातल्या पान्याकडे बघत राहिले. मालकांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "तितं मामा असत्यात."

"त्यांना भोंगा ऐकू येत नाही का?"

जॉबर गप्प. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता, पण मी पडद्याकडेच बघत होते.

मालकांनी मामांना बोलावून घेतलं. केबिनला जाड काचा होत्या, माग आत ऐकू येत नसत, नुसती फरशी थरथरायची. मालकांनी मामांना माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मग कपाटातली फाईल काढायची म्हणून उठले, मामांच्या पाठीमागे गेले आणि एकदम जोरात टाळी वाजवली.

मी दचकले. मामांचा कप तोंडाशी होता, तो जराही हलला नाही. माझ्या डोळ्यांत मात्र त्यांना काहीतरी दिसलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि वळून बघितलं. मालक हात जोडल्यासारखे उभे होते, तळवे अजून एकमेकांना लागलेले. मामांनी त्यांच्याकडे बघितलं, जॉबरकडे बघितलं आणि शेवटी पडद्यावरच्या लाल ठिपक्याकडे. त्यांना नकाशा वाचता येत होता की नाही मला माहीत नाही. पण ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि मोठ्यानं म्हणाले, "सूत लावायचं राह्यलंय माझं." आणि गेले.

मालक वाईट माणूस नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "माझ्या वडिलांच्या वेळचे आहेत हे," ते म्हणाले. "पण मॅडम, उद्या हात गेला मागात, तर? मला कळल्यावर मी तिथं ठेवू कसा त्यांना?" पगार तोच ठेवून त्यांनी मामांना दुसऱ्या दिवसापासून घडी खात्यात पाठवलं.

शेवटच्या रांगेत नवा कामगार आला आणि गाडी सुरळीत धावायला लागली. लाल ठिपका आठवड्यात फिका झाला. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं कौतुक केलं, एकदोघांनी कॅमेरे सुरू करून अंगठे दाखवले. मीटिंग संपली, मी लॅपटॉप मिटला. हे कुणाला सांगावं म्हणून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि फोन ठेवून दिला.

घडी खातं शेडपासून लांब, अंगणापलीकडे होतं. तिथं वीसेक बायका टॉवेल तपासायच्या, घड्या घालायच्या. तिथं आवाज बोलण्याचाच. माना खाली, हात कापडावर आणि तोंडं अखंड चालू. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या डोहाळजेवणाचं. मी गाडीच्या कामानं तिथं गेले तेव्हा मामा कोपऱ्यात स्टुलावर बसून टॉवेलांवर चिठ्ठ्या लावत होते. बायका खाली बघून बोलत होत्या, त्यामुळे एकीचेही ओठ त्यांना दिसत नव्हते. मध्येच हशा उसळला. शेजारणीचे खांदे हलताना दिसले तसं मामांनी वर बघितलं, सगळे हसताहेत म्हणून थोडं हसले आणि मग हसणं मध्येच थांबवून चिठ्ठी चिकटवायला लागले. एका बाईनं त्यांना काहीतरी विचारलं. त्यांना कळलं नाही. तिनं ओरडून विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं, एकेक अक्षर सुटं करून. मी दारातूनच परत फिरले.

जेवायला ते पायऱ्यांवर येईनासे झाले. मी चार दिवस वाट बघितली, पाचव्या दिवशी डबा घेऊन अंगण ओलांडलं. ते गोदामाच्या भिंतीशी एकटेच बसले होते. मी समोर बसले, ओठ नीट दिसतील अशी.

"मामा, माझं चुकलं."

"काय चुकलं? तुमी काय खोटं दाखवलं न्हाय की."

"मला माहीत नव्हतं."

"तितल्या सगळ्यास्नी म्हाईत हुतं," ते म्हणाले. "धा-बारा वर्सं झाली. कुणी बोललं न्हाय. बोलायचं काय त्यात? तितं सगळेच बहिरे, अम्मा. हितं मी एकटाच."

एवढं बोलून ते जेवत राहिले. मीही जेवले. चटणी त्यांनी त्याही दिवशी माझ्या झाकणावर ठेवली.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी पायऱ्यांवर मला शेवटच्या रांगेतला तो नवा कामगार भेटला. मान चोळत होता. मी सहज विचारलं, काय झालं. तो वैतागून म्हणाला, "तुमच्या गाडीनं मान धरली माझी. जॉबरनं सांगितलंय, सारखं मागं वळून बघत जा. दर दोन मिन्टाला बघतोय. भोंगा कुणाला ऐकू येतोय हितं!"

माझा घास हातातच राहिला.

मी उठून शेडमध्ये गेले. जॉबरना खुणेनं सांगितलं, गाडी शेवटच्या रांगेत सोडा. मग मामांच्या जागी, मागाकडे तोंड करून उभी राहिले आणि कानांतले बोळे काढले. माझे कान चांगले आहेत. मी जिवाचे कान करून उभी राहिले, आणि माग, माग, मागांशिवाय काही ऐकू आलं नाही. खूप वेळानं वळले तर गाडी माझ्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होती. तिचा भोंगा चालू असल्याचा दिवा लुकलुकत होता.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. रांगांमधल्या बाकीच्या सगळ्या गल्ल्यांत गाडी शेडच्या पुढच्या दाराकडून शिरायची, माणसाच्या डोळ्यांसमोरून यायची. लोक तिला बघून बाजूला व्हायचे. भोंगा त्यांच्यापैकी एकानंही कधी ऐकला नव्हता. शेवटच्या गल्लीतून मात्र मी गाडीला परतीची वाट दिली होती. चाळीस पावलं वाचत होती म्हणून. तिथं ती विणकराच्या पाठीमागून यायची. मामांचे कान शाबूत असते तरी गाडी तिथंच, तेवढाच वेळ उभी राहिली असती. लाल ठिपका त्यांचा नव्हताच. वाट मी आखली होती, भोंगाही मीच ठरवला होता, आणि दोन महिने त्या आवाजात वावरूनही 'माणूस ऐकेल' हे मीच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना शेडमध्ये नेलं आणि त्याच जागी, मागाकडे तोंड करून उभं केलं. मागून गाडी आली, थांबली. तीनदा भोंगा. पुन्हा तीनदा. मालक मागाकडे बघत उभे. शेजारच्या रांगांतले विणकर काम सांभाळून बघत होते. शेवटी एकाला हसू आवरलं नाही, ते मालकांना दिसलं आणि ते वळले. गाडी बघून त्यांचा चेहरा उतरला. केबिनमध्ये आल्यावर ते खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी उगीचच टाळी वाजवली."

"चूक माझी आहे. नकाशाचा अर्थ मी चुकीचा सांगितला."

"पण मॅडम, त्यांना ऐकू येत नाही हे तर खरंच ना?"

"तुम्हालाही आत्ता आलं नाही."

ते किंचित हसले. मी म्हटलं, मला एक महिना द्या. गाडी अशी करते की शेडमध्ये कुणाच्याच कानांवर ती अवलंबून राहणार नाही. मग मामांना परत घ्या. त्यांनी विचार केला आणि डॉक्टरांकडून तपासून घेऊ, मागांना जाळी बसवू, मग घेऊ, असं कबूल केलं.

त्या महिन्यात मी जितकं काम केलं तितकं आधी कधी केलं नव्हतं. भोंगा काढून टाकला. गाडीच्या पुढे जमिनीवर दूरवर निळा उजेड पडेल असा दिवा बसवून घेतला, म्हणजे गाडीआधी उजेड पायांत येतो. मधल्या थरात नियम घातला: माणसाच्या पाठीमागून जायचं नाही, वळसा पडला तरी चालेल, समोरूनच यायचं. आणि माणसाची मान आपल्याकडे वळल्याचं दिसेपर्यंत त्याला कळलंय असं धरायचं नाही. कंपनीत एकानं विचारलं, एवढा वेळ वाया घालवायची गरज आहे का? मी त्याला शेडमधला आवाज ऐकवला. त्यानं हेडफोन काढून ठेवले.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी सकाळी जॉबरनी मला अंगणात गाठलं. पाना खिशातून काढून त्यांनी परत खिशात ठेवला.

"मॅडम, मामांनी परवा हिशेब घेतला की. काम सोडलं."

मी त्याच दुपारी साखर पेठेत गेले. विचारत विचारत घर सापडलं. खोलीचं दार सताड उघडं होतं. मामा जमिनीवर बसून ट्रंकेत कपडे रचत होते. माझी सावली आत पडली तसं त्यांनी वर बघितलं आणि चटई सरकवली.

मी त्यांना सगळं सांगितलं, सावकाश, तोंड उजेडाकडे करून. मालकांचं, गाडीचं, निळ्या उजेडाचं. लाल ठिपक्याचं खरं कारणही सांगितलं. ते शेवटपर्यंत बघत राहिले. गाडी समोरून येणार हे त्यांना पटलं.

"ब्येस केलं," ते म्हणाले.

"मग परत या ना. मालक हो म्हणालेत."

त्यांनी ट्रंकेचं झाकण हळू लावलं. "आता सगळ्यास्नी कळलंय की. आदी मला म्हाईत हुतं, त्यास्नी म्हाईत हुतं, पन बोललेलं नव्हतं. आता माझ्याशी मोठ्यानं बोलत्यात. हात धरून बाजूला करत्यात. परत गेलो तर मला सांभाळून घेतील ओ, लई चांगली मान्सं हायत. पन सांभाळून घेतलेला मानूस मागावर कसा उभा ऱ्हानार?"

त्यांना वाचता येईल असा माझा चेहरा राहिला नव्हता. त्यांनी स्टोव्ह पेटवून चहा केला. मुलगी परवा येणार आहे, तिच्याबरोबर भिवंडीला जाणार, म्हणाले. तिथंही मागच आहेत, घरात बसून आवाज पायाला कळतो, एवढं बरं आहे. आम्ही चहा पीत असताना शेजारची एक बाई आली, दार न वाजवता आत शिरली, वाटीतलं काहीतरी फडताळात ठेवून गेली. मग एक म्हातारे गृहस्थ आले, मामांचं वर्तमानपत्र उचलून घेऊन गेले. निघताना मी म्हटलं, दार असं उघडंच असतं का?

"दार वाजिवल्यालं मला कुटं कळतंय? म्हनून दिवसभर उगडंच ठेवतो. कुनी ना कुनी येतंयच." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमी एकट्याच ऱ्हाता की?"

मी हो म्हटलं.

"दार लावून?"

"हो."

त्यांनी नुसती मान हलवली आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

गाडीची चाचणी उत्तम झाली. ती रचना कंपनीनं पुढं सगळ्याच गाड्यांत घातली, आणि आता कुठल्या कुठल्या कारखान्यांत त्या निळा उजेड पुढे टाकत माणसांच्या समोरून येतात. कारखान्याचं माझं काम संपलं आणि मी पुन्हा त्या सहा चौकोनांकडे परतले. भिवंडीचा पत्ता मी घेतला नव्हता. मुलीचा नंबर जॉबरकडे होता. मी तो घेतला, पण फोनवर त्यांच्याशी बोलणार कसं, या विचारानं अजून केलेला नाही. ही सबब आहे हे मलाही कळतं.

एका रविवारी सकाळी मी फ्लॅटचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. खुर्ची अशी ठेवली की जिना दिसावा. दुपारपर्यंत तिघं जण वर-खाली गेले. तिघांनी आत बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू उंबऱ्याशी थांबल्या. चार वर्षं आम्ही समोरासमोर राहत होतो, पण त्यांचा आवाज मी नीट ऐकलेला नव्हता.

"काय गं, काही झालंय का? कडी बिघडली का दाराची?"

"नाही काकू."

"मग उघडं का?"

मी उठून खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी एकदा खुर्चीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हातातली पिशवी भिंतीला टेकवली, चपला काढल्या आणि "गुडघे दुखतात गं जिन्यानं, टेकते जरा," म्हणत आत येऊन बसल्या.